बिनधुराचा कोळसा

इवाई, परवा तुमच्या तेरवीच्या पंगतीत वरणात मीठ कमी पडलं होतं. मी कोणाला बोललो नाही. तुम्ही असता तर पहिल्याच घासाला माझ्याकडे बघून म्हणाला असता की घुग्घुसवाल्याच्या जिभेवर कोळशाची पूड, त्याला मिठाचं काय कळतं. मग मीही ठेवणीतलं काहीतरी बोललो असतो आणि वाढणारी पोरं तोंड फिरवून हसली असती. परवा सगळे माझ्याशी फार अदबीनं वागले. पाट दिला, तांब्या दिला, पुरी घ्या पुरी घ्या म्हणाले. तुमच्या घरात मला अदबीची सवय राहिलेली नव्हती. जेवण गोड लागलं नाही ते मिठामुळे नाही.

पंगत उठल्यावर गावचे लोक तुमच्या आठवणी काढत बसले. तळ्यात कुठे जाळं टाकावं हे तानबाजीला पाणी बघून कळायचं, असं एकजण म्हणाला. खरं असेल. मला मासळीतलं काही कळत नाही. माझा बाप वर्धा नदीवर जाळं टाकायचा, पण मी लहानपणीच घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीवर लागलो आणि हाजरीबाबू झालो. लोक बोलत होते आणि मला मात्र राहून राहून माझ्याच दारचा मांडव दिसत होता, आणि त्याच्या मागे उकिडवे बसलेले तुम्ही.

व्याही म्हणा, इवाई म्हणा, मान द्यायचा आणि चार हात लांब ठेवायचा माणूस, असं मला शिकवलेलं होतं. माझ्या शेवंताचं तुमच्या नथ्थूशी लग्न लागलं त्या दिवशी मी तेच करत होतो. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि बघतो तर नवरदेवाचा बाप गायब. माझा मेव्हणा धावत आला आणि कानाशी लागला, की पाहुणे मांडवामागं नारळाच्या ढिगात बसलेत आणि एकेक करवंटी कानाला लावून वाजवून बघतायत. बायकांत कुजबुज सुरू झाली. वराचा बाप खोबरं शोधतो म्हणे. माझी बायको पदर तोंडाला लावून मला म्हणाली, असल्या घरी पोरगी दिली का आपण? मी तुमच्याजवळ आलो तेव्हा तुमच्या डोक्याला फेटा तसाच होता, कपाळाला कुंकू होतं, आणि मांडीवर करवंट्या.

तुम्ही वर न बघताच बोललात.

"इवाई, लगन लागलं. तुमचं काम झालं, माह्यं बी झालं. आता मले माह्या कामाचं पाहू द्या."

मग तुम्ही मला समजावून सांगितलंत, जसं काही मी तेच विचारायला आलो होतो. जून नारळाची करवंटी जाड असते आणि नखानं वाजवली तर खणकन बोलते. कोवळी बद्द वाजते, तिचा कोळसा म्हणजे नुसती राख. चीर गेलेली टाकायची, कुबट वासाची टाकायची. असं करून तुम्ही पोतंभर करवंट्या निवडल्यात आणि ते पोतं नवरीच्या पेटीशेजारी आगगाडीत चढवलंत. माझी पोरगी सासरी गेली तेव्हा तिच्यासोबत भांडीकुंडी किती होती ते मला आठवत नाही. ते पोतं आठवतं. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता, इवाई.

तो राग गेला तुमच्या अंगणात, गुडगुडीपाशी. पहिल्यांदा लेकीला भेटायला आलो होतो. चांद्याहून छोट्या लाईनीच्या गाडीनं नागभीड, आणि तिथून बंडीनं तुमचं गाव. अंग आंबून गेलेलं. तुम्ही काही न बोलता चूल गाठलीत, चिमट्यानं चार निखारे आणलेत, ते फुंकून फुंकून त्यांच्यावर पांढरी साय धरली आणि मगच चिलमीवर ठेवलेत. गुळात मळलेला तमाखू खाली. नळी धोतराच्या सोग्यानं पुसून आधी माझ्या हातात दिलीत. मी ओढली. घशाला टोचलं नाही, डोळ्यात गेलं नाही, फक्त तमाखूची चव आली. मी दुसऱ्यांदा ओढली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, पहिल्या पोराचा निकाल ऐकायला बसल्यासारखे. मी म्हणालो, बरी आहे. तुम्ही म्हणालात, नुसती बरी? आणि तिथून आपला वाद सुरू झाला.

काय काय बोललो आपण त्या कोळशावरून! टेंभुर्णीचा कोळसा नको, तो तडतडतो आणि धोतराला भोकं पाडतो. मोहाचा बरा पण धुरकट. माझ्या खाणीचा दगडी कोळसा तर तुम्ही माणसांतच धरायचे नाही. त्याचा वास गंधकाचा, त्यावर तमाखू ठेवणं म्हणजे गंगेत खरकटं धुणं, असं तुमचं म्हणणं. मी चिडून म्हणायचो की ज्या आगगाडीत बसून तुम्ही जत्रेला जाता ती तुमच्या करवंटीवर चालत नाही. तुम्ही म्हणायचे, गाडीले तोंड हाये का चव घ्याले.

आणि तुमची ती कोळसा करायची रीत. करवंटीच्या शेंड्या विळ्यानं खरवडायच्या. छपरावर ऊन द्यायचं. मग जुन्या मडक्यात ठासून भरायच्या, वर परळ झाकून तोंड चिखलानं लिंपायचं, आणि मडकं धानाच्या कोंड्यात पुरून कोंडा पेटवायचा. आतल्या आत करवंटी जळायची, पण तिला ज्वाला माहीत नाही. मडकं थंड होईपर्यंत तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हता. एकदा नथ्थूनं घाईनं चिखल फोडला तर आतला माल हवा लागून पेटला आणि हाती नुसती राख आली. तुम्ही पोराला शिवी दिली नाहीत, पण संध्याकाळी जेवलाही नाहीत. विहीणबाई मला म्हणाल्या, घरात कोणी गेल्यावर इतके नाही बसले हे.

करवंट्या काही तुमच्या गावात उगवत नव्हत्या. आपल्याकडे नारळ म्हणजे पूजेला आणि लग्नाला, एरवी कोण फोडतो? म्हणून तुम्ही दर चैत्रात चांद्याला महाकालीच्या जत्रेला यायचे. लोक नवस फेडायला यायचे, तुम्ही पोती घेऊन. देवळाच्या मागच्या बाजूला फुटक्या नारळांचा ढीग पडायचा आणि तुम्ही त्यात बसलेले. मीही घुग्घुसहून यायचो, मदत करायला नाही, तुम्हाला चिडवायला. विहीणबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. देवीपुढं फुटलेल्या नारळाची करवंटी तमाखूसाठी जाळता, कधी ना कधी भोवेल, असं त्या दर वर्षी म्हणायच्या. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. खोबरं परसादाचं, पाणी देवीचं, करवंटी माही. त्यावर त्या कपाळाला हात लावून आत जायच्या आणि तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचे.

एक गोष्ट मात्र मी गमतीनं बोललो नव्हतो. आमच्या खाणीच्या आवाराला दोन चौकीदार होते. एका थंडीत त्यांनी कोळशाची शेगडी खोपटात घेतली, दार लावलं आणि झोपले. सकाळी दोघंही उठले नाहीत. अंगावर ना जखम ना भाजल्याची खूण. झोपलेल्यासारखे. त्यांची हाजरी मीच घ्यायचो. तेव्हापासून मी बंद घरात निखारा ठेवू देत नाही. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चिलमीतली राख झाडलीत. मग म्हणालात, तो तुमचा दगडी कोळसा, जमिनीच्या पोटातला, त्याच्यात विष असणारच. माझा कोळसा झाडाचा, देवीच्या पायाशी पडलेला. धूर नाही, वास नाही. ज्याला धूरच नाही त्याच्यात खोट कुठून येणार? मी म्हणालो, कोळसा तो कोळसा, धूर असतो तेव्हा माणूस निदान खोकून उठतो. तुम्ही हसून नळी माझ्या हातात दिलीत. असे वाद आपण दर भेटीला घालत होतो. त्यातला हा एक, असंच मलाही वाटलं.

माझी बायको गेली तेव्हा तुम्ही आलात, ते मी विसरलो नाही. शेवंताचं पहिलं बाळंतपण तिनंच घुग्घुसला केलं, नातू तिच्या हातात जन्मला आणि वर्षाच्या आत ती तापानं गेली. लोक येत होते, दोन शब्द बोलून जात होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. गुडगुडी आणि कोळशाची पिशवी घेऊन आलात आणि माझ्या ओट्यावर बसून राहिलात. चिलीम विझली की भरायची, माझ्या हातात द्यायची. मी ओढली तर ओढली, नाही तर तुम्ही. जाताना पिशवी तिथेच ठेवून गेलात. रडू येत नाही म्हणून माणसाला काय होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. तुम्ही गेल्यावर मी त्या पिशवीवर हात ठेवून रडलो. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

त्यामुळेच शेवंताचं दुसरं बाळंतपण तुमच्या घरी ठरलं. माझ्या घरात बाई नव्हती. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला तो हिवाळा. तुम्ही किती खुशीत होता! म्हणत होता, इवाई, आता मुंबईवाले आपले झाले, तिकडं म्हणे नारळ घराघरापुढं लटकतात, आता करवंट्यांची ददात मिटली. मी दिवाळीला आलो होतो, शेवंताला डोळे भरून पाहिलं आणि घुग्घुसला परत गेलो. पौषात मुलगी झाल्याचा निरोप आला. पाचवी पुजल्याचाही आला. बारशाला यायचं म्हणून मी सुटी काढून ठेवली होती.

पुढचं मला नथ्थूनं सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

त्या वर्षी तळ्यावरून असा गारठा यायचा की माणसं सकाळी बोलायची नाहीत. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असतेच, सगळीकडे असते. गोवऱ्यांची असते, लाकडी कोळशाची असते. तिचा धूर होतो, लेकरू शिंकतं, आई खोकते, कोणीतरी उठून दार उघडतं. तुमच्या नातीच्या डोळ्यांना धूर लागला आणि ते लाल झाले. तुम्हाला ते बघवेना. तुम्ही आढ्याला टांगलेली पोतडी काढलीत, वर्षभराचा निवडलेला कोळसा, गुडगुडीसाठी जपलेला, मला सुद्धा मोजून चार निखारे द्यायचे तो. तो सगळा सुनेच्या शेगडीला दिलात. गुडगुडी पेटवायला स्वतःकडे एक तुकडा ठेवला नाहीत. आणि धूर नाही म्हटल्यावर दार उघडायचं कारणच उरलं नाही. सुईण म्हणाली, बाळंतिणीला वारं लागू नये. दाराच्या फटीत वाकळा खोचल्या. सगळ्यांनी समाधानानं निजानीज केली.

सकाळी विहीणबाईंनी हाका मारल्या आणि उत्तर आलं नाही. तुम्ही दार लोटून आत गेलात, शेवंताला खांद्यावर घालून अंगणात आणलंत, मग लेकराला. शेवंता गार हवेत ओकली आणि शुद्धीवर आली. नात आली नाही. नथ्थू सांगतो की तुम्ही तिला तसंच छातीशी धरून तळ्याच्या पाळीवर येरझारा घालत होता, हवा लागू दे, हवा लागू दे म्हणत, आणि कोणालाही तिला हात लावू देत नव्हता.

तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं. त्यामुळे घरात तिच्याविषयी बोलायचं झालं तर काय म्हणावं हे कोणाला कळत नाही. अजूनही नाही.

मी पोचलो तेव्हा गावानं निवाडा देऊन टाकला होता. देवीचा कोप. देवीच्या नारळाची करवंटी जाळली, देवीनं नेलं. विहीणबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांच्या न बोलण्यातही तेच होतं. उरलेला कोळसा तुम्ही तळ्यात टाकून आला होता. मला पाहून तुम्ही उठलात, पाणी दिलंत, आणि बसलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. आपला वाद मी जिंकलो होतो. असं जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तुम्ही विचारलंत ते सहा-आठ महिन्यांनी, माझ्या घरी. धानाची रोवणी आटोपून आला होता. मी मुद्दाम गुडगुडी भरली, पाहुण्याचा पहिला मान म्हणून नळी पुसून तुमच्या हातात दिली. तुम्ही ती धरलीत, ओठाला न लावता तशीच मला परत दिलीत. आणि मग बोललात.

"इवाई, खरं सांगा. तुमी शिकले-सवरले हा. देवीचा कोप होता का कोळशाची हवा होती?"

मी म्हणालो, "हवा होती. देवी लेकराले मारत नाई."

तुम्ही मान डोलावलीत. बराच वेळ डोलावत राहिलात. मला वाटलं होतं की मी तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. घरी गेल्यावर लक्षात आलं असेल तुमच्या, की दुसरं ठेवलं. कोप म्हटलं असतं तर दोष देवीकडे थोडा तरी गेला असता, तुमच्या तमाखूकडे गेला असता. हवा म्हटल्यावर काय उरलं? इवाईनं आधी सांगितलं होतं, एवढंच उरलं. इवाई, मी तेव्हा खरं सांगितलं आणि आजही तेच सांगेन. पण त्या खऱ्यानं तुमचं काय केलं हे मला कळत नाही. रागावून म्हणा, हसून म्हणा, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतं. आपण कोळशाच्या राखेवरून भांडलेली माणसं. त्या एका गोष्टीवर तुम्ही लगेच माझं ऐकलंत.

त्यानंतर तुम्ही जत्रेला आला नाहीत. मी गेलो, सवयीनं. देवळामागच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि एक करवंटी उचलून वाजवली. चांगली होती. तिथेच ठेवली.

तुम्हाला सगळ्यात जास्त काय खात होतं ते तुम्ही मला या कार्तिकात सांगितलंत. शेवंताला पुन्हा दिवस गेले होते. आपण दोघं धानाच्या बांधावरून चाललो होतो, तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही चालता चालताच म्हणालात की शेवंता मला बोलत नाही. मी म्हणालो, ती आधी तरी कुठे बोलत होती? सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, पदर पुढे ओढून ताट ठेवते आणि निघून जाते. तुमच्या आईनं तेच केलं, माझ्या बायकोनं तेच केलं. तुम्ही म्हणालात, नाही. आधीचं न बोलणं वेगळं होतं. आधी ती ताट ठेवायची तेव्हा भात निवला तर सासूला सांगून गरम करून आणायची. मी म्हणालो, मग आता आणत नाही का? तुम्ही थांबलात. म्हणालात, आणते. पण मला ते घशाखाली उतरत नाही.

मी हसलो थोडा. तुम्ही नाही हसलात. बांधावर माझ्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि माझे दोन्ही हात धरलेत. आपल्यात असं कधी झालं नव्हतं.

"पोरीले तुमच्या घरी घेऊन जा. या टायमाले माह्या घरात तिचं बाळंतपण नको. ती लाजेनं म्हणत नाई, पन तिले या घराची भीती हाये. मले शब्द द्या, इवाई."

मी म्हणालो की अजून दिवस आहेत. तुम्ही हात सोडले नाहीत. मी म्हणालो, माझ्या घरी बाई नाही, तर तुम्ही म्हणालात तुमच्या बहिणीला बोलवा. सगळा विचार करून ठेवला होता तुम्ही. शेवटी मी शब्द दिला. तुम्ही हात सोडलेत, वळलात आणि भराभर चालायला लागलात, जड काही खाली ठेवल्यासारखे. मागून बघताना मला जाणवलं की तुमचे खांदे किती उतरलेत. धोतरही गुडघ्याच्या वर, घोटणं घातल्यासारखं आखूड नेसला होता, तसं तुम्ही कधी नेसत नव्हता.

मार्गशीर्षात तुम्ही पहाटेच्या गार पाण्यात जाळं ओढायला उतरलात. सर्दी छातीत उतरली आणि आठवड्यात सगळं संपलं. मला निरोप मिळाला तोवर तुमची राख झाली होती. नथ्थू म्हणाला, बाबा शेवटी शेवटी अंगणातच झोपायचे. इतक्या थंडीत. कोणी शेगडी जवळ आणली तर हातानं दूर करायचे. वैद्य म्हणाला ऊब द्या, घरच्यांनी हात जोडले, तुम्ही ऐकलं नाहीत. हे ऐकून मला तुमचा असा राग आला, इवाई, की त्या मांडवातल्या दिवशीही आला नव्हता. अंगणात कसलं विष होतं? उघड्यावर निखारा काय करणार होता तुम्हाला? ती साधी गोष्ट तुम्हाला माहीत होती. माझ्याकडूनच ऐकलेली होती. मी समोर असतो तर तुमच्याशी भांडलो असतो, ओरडून भांडलो असतो, आणि कोणी सांगावं, माझ्याशी भांडायला म्हणून तुम्ही अजून थोडे दिवस टिकला असता.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंताला शोधत आत गेलो, पेटी भर म्हणून सांगायला. दुपारची गाडी गाठायची होती. बहिणीला मी आधीच घुग्घुसला आणून ठेवलं होतं. शेवंता त्या खोलीत होती. पोट पुढे आलेलं, एक पाय लांब करून बसलेली, शेणानं जमीन सारवत होती. खोलीला दार नव्हतं. दाराच्या फळ्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि चौकटीला जुनं लुगडं बांधलं होतं. दार तिनंच नथ्थूला सांगून काढून घेतलं होतं.

मी म्हणालो, इथे कशाला सारवतेस, आपल्याला निघायचंय. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली की ती येत नाही, इथेच बाळंत होणार. मी तिला सांगितलं की मी तुझ्या सासऱ्याला शब्द दिलाय, त्यांचीच इच्छा होती, मेल्या माणसाचा शब्द मोडू नये. तुमच्या हातांची गोष्टही सांगितली, बांधावरची. तुला या घराची भीती वाटते असं ते म्हणाले, असं सांगितलं. तेव्हा तिनं वर पाहिलं.

"मामाजीनं आपल्या गुडगुडीचा कोळसा मले देल्ला, बाबा. त्याईच्यापाशी सगळ्यात चांगलं तेच होतं. मी त्याईच्यासमोर बोललो नाई, कारण रीतच तशी हाये. मी रागावलो नोहतो."

मी विचारलं, मग हे कोणाजवळ तरी बोलायचं होतंस, माझ्या कानावर तरी घालायचं होतंस.

ती म्हणाली, "तुमी कदी इचारलं?"

मग ती पुन्हा सारवायला लागली. मी चौकटीशी उभा राहिलो. मला म्हणाली, बाबा, बाजूला सरा, उजेड अडतो.

इवाई, ती रागावली नव्हती. ती तुमच्याच घरी बाळंत होणार आहे, त्याच खोलीत. तुम्हाला दिलेला शब्द मला पाळता आला नाही. मी दुपारच्या गाडीनं एकटाच परत आलो.